सात नंबरची रिकामी चिठ्ठी

१८ नोव्हेंबर १९७४
आज लिहू, उद्या लिहू करता करता पंधरवडा गेला. वही धनजच्या बाजारात घेतली, तिच्यावर भजे ठेवून खाल्ले, तेवढंच तिचं आजवर काम. तर मी भिवाजी, आठवी नापास, गावोगाव हिंडून मालेगाव रस्त्यावरच्या कापसाच्या जीनात चिकटलो. गाड्या कापूस आणतात, मशीन सरकी वेगळी करते. हवेत रुईच रुई. म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांवर बसते, तर तो नवरदेवासारखा दिसतो. पण ते असो.

बायांचं भांडण होतं, रात्रपाळी नेहमी त्याच टोळीच्या माथी. मी बोलून गेलो, फिरती पाळी लावून देतो. फोरमन मारोतराव म्हणाले, "शाळेत बसता आलं नाही, पाळ्या बसवून राह्यला! बसव बापा."

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या, मधे खिळा. बाहेर तीन पाळ्या, आत तीन टोळ्या. नावांच्या चिठ्ठ्या मशीनच्या नंबरच्या खाचेत खोचलेल्या. सोमवारी आतली चकती एक घर फिरवायची. कोणी आजारी पडली तर चिठ्ठी इकडची तिकडं. झकास!

२० नोव्हेंबर
आठ नंबरच्या मशीनवर बेबीताई बसते. पहिल्या दिवशी जयभीम घालून अर्धी भाकर तिनंच दिली. तिच्या टोळीत शेजारचं सात नंबर रिकामं. जागा फुकट कायले घालवायची, म्हणून दुसऱ्या टोळीतल्या मनकर्णाबाईची चिठ्ठी तिथं खोचली. बाया हातातलं काम टाकून माझ्याकडं पाहू लागल्या.

मग कळलं. सातवर बेबीताईची पोरगी हेमला बसायची. मागच्या हंगामात कापसाची गंजी अंगावर आली, दम कोंडून गेली. जीनात मेलेल्याची जागा त्याच्या टोळीत रिकामी ठेवायची, ही इथली रीत. मी हसलो. मेलेल्याले कायची ड्यूटी?

२६ नोव्हेंबर
काल मनकर्णाबाई भरदुपारी सातवरून किंचाळत उठली. मांडीवर कोणीतरी पोरगी बसून राह्यली म्हणे. खोकली, तर तोंडातून ओल्या कापसाचा बोळा पडला. आज दुसरीला बसवलं. तिचंही तेच.

बेबीताई रागावली नाही. रडली. "भाऊ, माह्या पोरीले बसाले जागाच नाही ठेवली तुमी."

२८ नोव्हेंबर
कोरी चिठ्ठी केली. सात नंबरला, बेबीताईच्या चिठ्ठीला लागून खोचली. आता चकती कितीही फिरो, मायलेकी संगंच राहतील. बेबीताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला माय आठवत नाही, त्यामुळं मायचा हात असाच असतो का ते —
काम करताना ती सातकडं पाहून हळू बोलते, हसते. आज मी पाहिलं. सातसमोर कोणी नव्हतं. पुढ्यातला कापूस कमी होत होता.

४ डिसेंबर
भोंगा झाला. सगळ्या उठल्या. बेबीताई उठली नाही. मान सातच्या बाजूला कललेली. ओठांवर रुई. चेहरा असा, जशी कोणाची वेणी घालता घालता डोळा लागला. लिहवत नाही.

५ डिसेंबर
आता रिकाम्या जागा दोन. मारोतराव म्हणाले, एका पाळीत दोन मशीन बंद परवडत नाहीत, एक चिठ्ठी रात्रीच्या टोळीत टाक. मी हेमलाची कोरी उचलली, रात्रीच्या टोळीत खोचली. काहून तिचीच? हाताशी आली म्हणून. बस, तेवढंच.

६ डिसेंबर
बेबीताईच्या आठसमोरचा कापूस सकाळपासून हललाच नाही. सारा जीन चालू, अन् मधूनच कोणीतरी हाका मारते, बाया कान झाकतात —
चूक झाली. मी मायलेकींना —
ऑफिसात चकतीपाशी आलो. चिठ्ठी परत लावतो. खाच फाटली, चिठ्ठी बसत नाही —

दारात कोणीतरी. मारोतराव असतील —

नाही. बेबीताई. पदराला रुई. मला वाटलं, आली तर हेमला येईल. ही काहून —
मारत नाही, ओरडत नाही. नुसती इचारून राह्यली, "भाऊ, सातवर कोनीच नाही. माही हेमला कोन्या पाळीले —"