काचेवर ठेवलेलं पातं

मंगळवार, दुपार

दादा,

तेल कोमट होतंय, तेवढ्यात लिहायला बसले. गार तेलात पातं तडकतं, म्हणून थांबायचं. आम्ही बरे आहोत. तूही असशील.

इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही दुकानाच्या पत्त्यावर. तुझ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी सुरी हवी, गिऱ्हाइकानं लिहावं तसं. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "हे काम माझं. तू हात लावायचा नाहीस."

पोलाद चांगलं मिळालं नाही म्हणून उशीर, असं मी तुला कळवलं. पोलाद चांगलं होतं. पाती बिघडली.

पहिलं तेलातून निघालं ते केळ्यासारखं वाकून. बाबा म्हणाले, तेल जुनं झालंय. तेल बदललं. दुसरं धारेकडून चिरलं. मग दोष भट्टीला, मग मला. "तुझी सावली पडते." भट्टीवर सावली! मी हसले. ते हसले नाहीत.

तापलेल्या पात्याचा रंग कळावा म्हणून ते खिडकी बंद करून घेतात, तुला ठाऊक आहे. परवा ती उघडीच राहिली. त्यांच्या लक्षात आलं नाही. टोक पिवळं पडत होतं, मुठीकडचा भाग अजून काळपट. ते म्हणाले, "झालं, सगळीकडे सारखं."

पत्र मला का वाचून दाखवावं लागलं, ते तुला आता कळलं असेल.

तेल कोमट झालं. जाते.

संध्याकाळ

पातं भट्टीत गेलं. बाबा म्हणाले, "माझ्या खणातलं चुंबक दे."

"तुमच्या खणात? चुंबक?"

"वेड पांघरू नकोस. तुझ्या दादाचं."

तू ते आणलंस, पुरेसं तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटत नाही म्हणालास, तेव्हा ते भर दुकानात म्हणाले होते, "आंधळ्याची काठी आणलीय पठ्ठ्यानं." तू ते त्यांच्या पायाशी टाकलंस आणि गेलास. खणात ते फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

मी पातं धरलं, त्यांनी सळईला बांधून चुंबक लावलं. चिकटलं. पुढेमागे फिरवत पुन्हा तापवलं. चिकटलं. पुन्हा. मग चुंबक धरेना.

"सुटलं. आता थोडी आणखी धग. मग टोक आधी, सरळ खाली. हात हलवायचा नाही."

"मी?"

"मग कोण?"

तेलानं नुसता सुस्कारा सोडला. कानस लावून पाहिली, ती घसरली. म्हणजे पातं कडक झालं. ठिसूळपणा जावा म्हणून आता ते ओव्हनमध्ये आहे. सरळ राहिलंय का, ते बाबांनी बघू दिलं नाही. "गार होऊ दे. सकाळी."

बुधवार, सकाळ

"रंग कसा आलाय?" त्यांनी विचारलं. आजवर कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "वाळल्या गवताचा." त्यांनी मान डोलावली.

मग पातं काचेवर ठेवून त्यांनी दोन्ही टोकं आळीपाळीनं दाबली आणि कान जवळ नेला. वाकडं पातं काचेवर टकटकतं. हे टकटकलं नाही.

मी मुठीचं लाकूड घेतलं, तर त्यांनी पातं काढून घेतलं. "त्याच्या हाताचं माप लागेल. ते पत्रातून येत नाही."

पातं त्यांच्या खणात आहे, चुंबकाशेजारी. पार्सल करणार नाही म्हणतात.

तुझी,
धाकटी