सतरावा चौकोन

सोमवार, १४ नोव्हेंबर २०११, संध्याकाळ

बाबांच्या फोटोसाठी प्रिंटरच्या शाईचा नवा प्रोफाइल, म्हणजे कुठल्या छटेला किती शाई याचं गणित, बनवतोय, त्याला आठ दिवस झाले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी छापायची, वाळवून प्रत्येक चौकोनाची छटा यंत्राने मोजायची, शाईचं प्रमाण बदलायचं, पुन्हा छापायची. सतरावा चौकोन हिरवट येत होता. बाबांच्या कोटाची सावली नेमकी त्याच छटेची.

मी काम करतो त्या फोटो छपाईच्या दुकानाचे मालक आज म्हणाले, "यार, पट्टी ही छापते रहोगे?"

फोटो बाबांनी स्वतः निवडला. "रंगीत नको. मोठा कर. शाई टिकेल ना रे?" कशासाठी, हे मी विचारलंच नाही. आमच्या भिंतीवर कृष्णधवल फोटो दोनच आहेत, आजोबांचा आणि आईचा. दोन्हींना हार.

गुरुवारी ते एक्स-रेचं पाकीट घेऊन आले. "ऑफिसातल्या एकाचं आहे," म्हणाले. पाकिटावर नाव त्यांचंच होतं.

आज सतरावा चौकोन स्वच्छ राखाडी आला. तीनदा मोजला. तीनदा बरोबर.

घरी आलो तर बाबा दारातच. "झाला का?"

"नाही बाबा. अजून हिरवट येतोय."

"अच्छा," ते म्हणाले. "पण फार दिवस लावू नकोस."