मांजरं तुमची, कुत्री माझी

प्रिय आई,

क्लिनिकमधून आल्या आल्या, कपडेही न बदलता लिहायला बसलेय. तुम्ही असता तर दारातच ओरडला असता, "आधी बाथरूममध्ये जा, वास मारतोय!" मारू दे. आज जे झालं ते तुम्हालाच सांगायचंय. अप्पांशी बोलावं तर ते तिथे काउंटरवर नुसते डोळे पुसत बसलेत.

तुमचं तेरावं झालं आणि आम्ही जेसल पार्कमधला क्लिनिकचा गाळा पुन्हा उघडला. अप्पा काउंटरवर, मी आत. कुत्री येतात, ती मी बघते. मांजर घेऊन कुणी आलं की अप्पा बाहेरच्या बाहेर सांगतात, "मांजरं बंद केलीत, मीरा रोडला दाखवा." मी आतून ऐकते आणि गप्प बसते. का, ते तुम्हाला ठाऊक आहे!

कॉलेजात मला मांजर कडकडून चावलं, हात सुजून भोपळा झाला, तेव्हापासून मांजर दिसलं की माझी तंतरते. जनावरांची डॉक्टर आणि मांजराला घाबरते! लग्न होऊन आले नि तुमच्यासोबत काम करायला लागले, तेव्हा तुम्ही लगेच ओळखलंत. टोमणा नाही, काही नाही. "मांजरं माझी, कुत्री तुझी," म्हणालात आणि विषय संपवलात. पुढे कुणी माझ्यासमोर मांजराचा पिंजरा ठेवला की हातातलं काम टाकून यायचात. "दे इकडे. तुझं काम नाही ते."

इतके लाड कशाला केलेत हो? एकदा तरी दटावायचं होतंत! जाताना ही सगळी मांजरं कुणाच्या गळ्यात घालून गेलात?

आज किनाऱ्यावरच्या डोंगरी गावातून एक कोळीण मावशी रिक्षाने आल्या. मासळीच्या क्रेटमध्ये बोका, वरून जाळं बांधलेलं. बोका कसला, वाघच! कालपासून लघवी तुंबलेली. अप्पांनी मीरा रोडचं सांगितलं, पण मावशी हलायला तयार नाहीत. "न्हाय, थोरल्या डाक्टरीनलाच दाखवायचाय. बोलवा तिला."

शेवटी मी बाहेर आले. म्हटलं, "मावशी, आई गेल्या."

मावशी मटकन खाली बसल्या. "अगं बाय! मंग माजा बाळा आता मरल का?"

बोक्याची लघवी तुंबली की फार वेळ हातात नसतो, हे तुम्हीच सांगायचात. म्हटलं, "आत आणा." अप्पा माझ्याकडे बघतच राहिले.

जाळं सोडलं, क्रेटला हात घातला आणि सवयीने थांबले. तुम्ही येऊन क्रेट काढून घ्याल म्हणून थांबले, आई! कुणी आलं नाही. तुम्ही गेलात हे मला तेव्हा कळलं. स्मशानातून आलेल्या दिवशी नाही, तेराव्यालाही नाही. मावशींसमोर ढसाढसा रडले.

मग डोळे पुसले आणि तुम्ही बसायचात तशी क्रेटशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. बाहेर पेशंटची रांग लागलेली असायची आणि तुम्ही मांजराकडे न बघता नुसत्या बसून राहायचात. मी चिडायचे. मला वाटायचं, पाय दुखतात म्हणून टेकता! आज बसले तेव्हा समजलं. बराच वेळ बोका गुरगुरत होता, हळूहळू थांबला, डोकं खाली टेकलं. टॉवेल टाकला आणि भुलीचं इंजेक्शन दिलं.

पुढचं काम ओळखीचं. कुत्र्यांना कितीदा नळी घातलीय. पण ही मेली बारीक नळी पुढे सरकेचना. अडायची, मी थोडं सलाईन सोडायचे, पुन्हा अडायची. तुमचं नाव घेत होते, देवाचं नाही. आणि लघवी सुटली हो आई! माझ्या ॲप्रनवर, ड्रेसवर, सगळीकडे! "मुतला! मुतला!" म्हणून मी केवढ्याने ओरडले. बाहेर लॅब्रेडॉर घेऊन बसलेले गुजराती काका घाबरले, "क्या हुआ डॉक्टर?" अप्पा म्हणाले, "कुछ नहीं, अच्छा हुआ."

बोका सलाईनवर आहे. धोका टळला असं अजून म्हणणार नाही. मावशी त्याच्याजवळ बसल्यात. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग आता मांजरांना कोन बगनार?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी."

भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? उद्या पिंजरा समोर आला की पुन्हा घाम फुटेल. शिकवायला तुम्ही नाही, चुकाही होतील. पण मांजर आणलं म्हणून आपल्या दारातून कुणी परत जाणार नाही, एवढा शब्द देते. चावलं तर चावू दे.

उठते आता. आंघोळ करून मावशींना डबा घेऊन जायचाय.

तुमची लाडावलेली सून,
अश्विनी