ताईचा सल्ला आणि पन्नास चित्रं

दि. ४ जून

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नजरेची चाचणी घेतात, तिथे तू इस्पितळात नाव दिलंस हे वाचून बरं वाटलं. तीच चाचणी पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊन गुण जुळतात का ते बघणार म्हणे. ते जुळले तरच फरश्यांच्या कारखान्यात परत जाईन, ही मात्र तुझीच अट. मुकादम तुझं स्टूल रिकामं ठेवून बसलाय आणि तूच आपला अडून! असो. पंचवीस वर्षं पेपर तपासणाऱ्या मास्तरीणबाईंचं ऐक: खात्री असेल तरच उत्तर दे, अंदाजपंचे ठोकून देऊ नकोस. गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, तो पोचला एवढं कळव.

तुझी ताई

दि. २२ जून

ती. ताईस सा. न.

बोऱ्या वाजला. पडद्यावर बारीक रेघांची नुसती गर्दी, त्यातल्या काही रेघा मिळून एक अंडं होतं. ते डावीकडे कललंय की उजवीकडे, तेवढं बटण दाबून सांगायचं. पहिल्या वेळी तुझं ऐकून, अगदी खात्री असेल तिथेच दाबलं. पन्नासपैकी सतरा! दुसऱ्या वेळी कंटाळलो, वाटेल तसं दाबत सुटलो, तर एकेचाळीस. चाचणीवाल्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. ताई, आजारात नसलेलं दिसायचं, ते थांबलंय. पण आज सतरा, उद्या एकेचाळीस, अशा डोळ्यांनी तडे गेलेल्या फरश्या कशा वेचू? महिनाअखेर मुकादमाला नाही म्हणून सांगतो. फार वाईट वाटतंय. भाच्यांना गालगुच्चे.

तुझा ढब्बू

दि. २५ जून

चि. ढब्बूस आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, ही सगळी माझी मास्तरकी नडली! आमच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून मी तसं लिहिलं. तिथे कुठे कापतात? उलट बटण दाबलंच नाहीस तर ते चूकच धरणार ना! आत्ताच्या आत्ता बाईंना जाऊन सांग. खुशाल माझं नाव घे. आणि तोवर मुकादमाकडे फिरकू नकोस. मला मेलीला गप्प बसवत नाही, हेच खरं. चूक पदरात घे रे बाळा.

तुझी ताई

दि. १८ जुलै

ती. ताईस सा. न.

बाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. घरून कुणी सल्ला दिलाय का, हे आता सगळ्यांना आधी विचारणार आहेत! मला म्हणाल्या, खात्री नसली तरी एक बटण दाबायचंच. मग नवी चित्रं घेऊन पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बसवलं. एकोणचाळीस आणि चाळीस! इतरांपेक्षा थोडे कमीच, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दोन्ही वेळा जवळजवळ तेवढेच ना! एकट्या माझ्यावरून चाचणीचं काही ठरत नाही म्हणे. माझ्यापुरतं ठरलं.

काल स्टुलावर बसलो. दुपारी एक फरशी बाजूला काढली. मुकादमाने ती उजेडात धरली, बोट फिरवलं, म्हणाला चांगली आहे, जाऊ दे. तरी मी म्हटलं, तडा आहे. त्याने टिचकी मारली, तर बद्द वाजली. ती फुटक्यांच्या ढिगात टाकली आणि पुढची माझ्या हातात दिली.

माया पातळ करू नकोस.

तुझा ढब्बू