चुंबकं आली नाहीत

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

आज कारखान्यातली आमची लाईन बंद झाली. स्कूटरच्या मोटरमध्ये बसवायची चुंबकं चीनहून येतात. अमेरिकेनं चिनी मालावर कर वाढवला, म्हणून चीननं चुंबकं अडवून धरली. बायांना एवढंच सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. सुपरवायझर मी ना!

सगळ्या गेल्या. माझी धाकटी जाऊ शीतल मात्र ट्रेमधल्या रिकाम्या मोटरी पुसत बसली. चुंबकाशिवाय मोटर म्हणजे नुसतं डबडं. तरी पुसत होती.

"अक्का, भांडण त्यांचं. आपण त्यांचं काय केलं व्हतं?"

मी तिच्यापुढचा ट्रे उचलून बाजूला ठेवला.

अजिंठ्याहून तिला मीच बोलावलं. तिथलं शिवणयंत्र विकून आली, पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलं. त्या रिकाम्या मोटरी दिवसभर डोळ्यांपुढून हलल्या नाहीत. घरी येऊन बघते तर तिनं भांडी गोणीत भरायला घेतलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब गं, महिनाभरात माल येईल."

का बोलले मी असं? चुंबकं आली तरी लाईन इथं सुरू व्हायची नाही, पुण्याला जाणार आहे. साहेबांनी हे मला एकटीलाच सांगितलंय.

"तुम्ही म्हणता तर थांबते," शीतल म्हणाली, आणि भांडी परत मांडणीवर लावायला लागली. उद्या पोरीचा गणवेश आणायला जायचंय, तुम्हीपण चला म्हणाली.

मी हो म्हटलं.