मार खायची भूमिका

३ मार्च
नव्या सिनेमाचं शूटिंग आमच्याच गावात, म्हणून घरी परतलो. स्टेशनवर कोणी नव्हतं. बातमी फुटू नये म्हणून दिग्दर्शिका बाईंनी गुप्तता पाळली असणार. आजवर कराटेचे सिनेमे केले, दिसेल त्याला लोळवलं. हा रोल वेगळा. म्हातारा शिंपी. पोटच्या पोराचा मार खातो, पण उलट हात उचलत नाही. आता कळेल लोकांना, अभिनय काय चीज असते.
संकल्प: पहाटे उठणे. गोड बंद.

४ मार्च
उशिरा उठलो. प्रवासाचा शीण. आई टीव्हीवर माझा जुना सिनेमा बघत होती. मी गच्चीवरून उडी मारतो तिथे दरवेळसारखं म्हणाली, धाकट्याला लागलं असेल गं बाई. चष्म्याचा नंबर वाढलाय तिचा. धाकटा भाऊ अवघड शॉटला माझे कपडे घालून उभा राहायचा, एवढंच. पडणं सोडलं तर बाकी सगळं मीच केलंय.

९ मार्च
तालीम. मुलाचं काम करणारा नट थोबाडीत मारायला आला आणि माझा हात आपोआप वर गेला. त्याचं मनगट सुजलं. बाई म्हणाल्या, अहो, फक्त मार खा. म्हटलं, शरीराला सवय नाही. खरं तर हे अस्सलपणाचं लक्षण, पण त्यांना कोण सांगणार.

१० मार्च
पुन्हा तेच. आता नटाचा दुसरा हात. मार कसा खातात ते दाखवायला धाकट्याला घेऊन गेलो. घरचा माणूस, विश्वासाचा. त्याने थोबाडीत खाल्ली, गाल चोळला आणि मारणाऱ्यालाच विचारलं, हात दुखला का रे. बाईंनी डोळे पुसले. मला मुद्दा समजला. उद्या करून दाखवतो.

११ मार्च
रोल धाकट्याला. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. वर मला म्हणतो, दादा, तू नको म्हण, आत्ता सोडतो. मी मोठेपणाने म्हटलं, कर बाबा. तर खरंच करायला लागला. पाठचा भाऊ असा निघाला, मग परक्यांना काय बोलायचं. फार लागलंय मनाला. गोड खाल्लं.
संकल्प: त्याच्याशी बोलणं बंद. उद्याच परत जायचं.

१२ मार्च
गेलो नाही. तिकीट मिळालं नसतंच. बाईंचा निरोप आला. शिंपी जिन्यावरून गडगडतो, तो शॉट. धाकट्याला काही झालं तर शूटिंग बंद पडेल, म्हणून त्याच्याच अंगकाठीचा माणूस हवा. पाठमोरा. शेवटी माझ्यावाचून अडलंच. जरा आढेवेढे घेऊन हो म्हटलं.

१५ मार्च, संध्याकाळ
पडलो. आयुष्यात पहिल्यांदाच. पडताना एवढं लागतं, हे या माणसाने इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायला नको? दगाबाज.
कंबर धरून बाहेरच्या कॉटवर आडवा झालो. जिन्याचा शॉट आज झाला, हे आईला कोणीतरी सांगितलं. ती बर्फाची पिशवी घेऊन लगबगीने आली. मी जरा सरकून जागा केली. ती माझ्या कॉटजवळून पुढे गेली, थेट धाकट्याच्या खोलीत.