बाटली कोणी भरली, याविषयी विहीणबाईंना

नारीन, दहा ऑक्टोबर

आदरणीय विहीणबाई ऊलकान यांना सायरागुलचा वाकून सलाम.

तुम्ही बऱ्या आहात ना? व्याह्यांचा गुडघा काय म्हणतो? शेळ्या, मेंढ्या, ती शिंग मोडलेली गाय, विहिरीशेजारचं जर्दाळूचं जुनं झाड, सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करते. इकडे आम्हीही ठीक. थंडी पडली. यांनी परवा शेगडी काढली आणि धुराड्यात चिमणीचं घरटं सापडलं म्हणून दोन दिवस शेगडी पेटवायला मनाई केली. (पिल्लं उन्हाळ्यातच उडून गेली होती. पण यांचं म्हणणं, चिमणी काही विसरली असेल तर घ्यायला येईल.)

तुम्ही टॅक्सीवाल्याबरोबर पाठवलेली जर्दाळूंची पेटी, मधाची बरणी आणि पांढरा रुमाल मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली. "माझ्या लेकीच्या निष्काळजीपणाने तुमच्या घरात जे घडलं त्याबद्दल मला तोंड दाखवायला जागा नाही, पोटात घाला," असं तुम्ही लिहिलंय. विहीणबाई, ते वाक्य वाचलं तेव्हा माझ्या तोंडात तुमचाच जर्दाळू होता. तो गिळायला मला फार वेळ लागला. खरं तर हे फोनवर सांगायचं होतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. दोनदा प्रयत्न केला. "अहो विहीणबाई, ऐका तर," एवढं म्हटलं की तुम्ही रडायला लागता आणि तुमचं ऐकून मीही, आणि मग आपले पैसे संपतात. म्हणून पत्र. याआधीची तीन फाडली. हे फाडणार नाही, असं यांच्यासमोर बोलून बसले आहे.

तर त्या दिवसाचं. माझ्या नणंदेने, म्हणजे सबिरा वन्संनी, तुम्हाला जे सांगितलं ते सगळं खोटं नाही. त्यांच्या सांगण्यात फक्त माणसांची अदलाबदल झाली आहे. आपल्या नातवाच्या, बायेलच्या पायांतला काळा-पांढरा दोरा कापायचा दिवस; शर्यत जिंकणाऱ्या मुलाने तो कापायचा, म्हणजे बाळाची पावलं मोकळी होतात. पोरगं चौदा महिन्यांचं, चालायला लागून तीन आठवडे झालेले. तुम्हाला घाट ओलांडून येणं जमलं नाही याची हळहळ मला होतीच. (आणि थोडं बरंही वाटलं होतं, कारण तुमच्यासमोर माझे गालिचे उघडे पडले असते. आता खरं बोलायचं ठरवलंच आहे तर हेही.) गालिच्यांसाठीच तर सगळं झालं. पाहुणे येणार म्हणून मी बाजारातून ते धुवायचं पातळ औषध आणलं, डब्यातून सुटं ओतून देतात ते. न्यायला बाटली कुठली? आपल्याकडे बाटलीला काय तोटा! माझा चुलत दीर उन्हाळ्यात कुरणावरून कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पाठवतो आणि पुढच्या खेपेला रिकाम्या बाटल्या परत मागतो. त्यामुळे माझ्या फडताळात लिंबूपाण्याच्या धुतलेल्या बाटल्या सैनिकांसारख्या उभ्या. त्यातली एक गालिच्याला. तशीच दुसरी संडास धुवायच्या जळजळीत पाण्याला. दोन्ही सारख्या, दोन्हींना चिठ्ठी नाही. आत काय आहे ते घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस मी.

आता बायेलने ती तोंडाला का लावली. इथे दुसरा दोषही माझाच. दारात आलेल्याने नानचा तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय परतायचं नाही, हे तुमच्याकडेही आहे, सगळीकडे आहे. पण ते मी दहा महिन्यांच्या पोराला शिकवलं. कोणी निघालं की मी म्हणायची, "तोंड लाव, राजा, तोंड लाव!" आणि ते शहाणं बाळ नानला ओठ टेकवायचं आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मला इतकं भरून यायचं की यांना टपाल कचेरीतून, शेजारणीला गोठ्यातून बोलावून दाखवायची. पुढे पुढे बायेल उंबऱ्याजवळच्या प्रत्येक वस्तूला तोंड लावू लागला. आजोबांचा बूट, केरसुणी, टपालवाल्याचा पट्टा. मी हसायची. "किती संस्कारी आहे माझा नातू!" त्या दिवशी मी घाईत गालिच्याची बाटली दारामागे, चपलांच्या शेजारी ठेवली. बूच अर्धवट. अंगणात शर्यत लावायला मुलं जमत होती, माझा लेक उलान कढईपाशी होता, सून पेरिझात पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होती. आणि माझा संस्कारी नातू उंबऱ्यापाशी गेला.

मी वळले तेव्हा त्याच्या हनुवटीवरून पांढरं ओघळत होतं आणि तो टाळ्यांची वाट बघत माझ्याकडे पाहत होता.

विहीणबाई, मी पुढे गेले नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच होतं: दोन बाटल्या होत्या, ही कुठली? आणि मला आठवेना. माझ्याच हाताने भरलेली, आणि आठवेना.

बाकी सगळे मात्र पुढे गेले. सबिरा वन्सं मिठाच्या पाण्याचा वाडगा घेऊन आल्या, "ओकवा त्याला, ओकवा!" करत. एक काकू आंबट दुधाचं भांडं घेऊन. मशिदीशेजारचे म्हातारे काका म्हणाले पाय धरून उलटं करा, आणि ते खरोखर करायला निघाले होते. त्यांनी आयुष्यभर मेंढ्यांची बाळंतपणं केली, त्यांना सगळ्याच बाळांना पाय असतात एवढंच दिसतं. आणि मग ओरडणं ऐकू आलं. "कोणी हात लावायचा नाही!" मी आजूबाजूला पाहिलं, कोण बाई ही? तुमची पेरिझात. अडीच वर्षांत जिने माझ्या सासरच्यांसमोर आवाज चढवला नाही, जी वन्संचं नावसुद्धा घेत नाही, तिने वन्संच्या हातातला वाडगा घेतला आणि अंगणात भिरकावला. (तो काकांच्या बुटांवर गेला. बूट नवे होते. ते अजून कुरकुरतात, बूटही आणि काकाही.) एका हाताने तिने बाळ मांडीवर सरळ बसवलं, बोटाला ओलं फडकं गुंडाळून तोंडातलं उरलंसुरलं पुसलं, आणि दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेचा नंबर लावून, आवाज मोठा करून फोन शेजारी ठेवला.

फोनवर एक बाई होती. तिचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता. उलटी करवू नका, पोटातलं परत वर आलं तर छातीत जाईल. दूध नको, मीठ नको, लिंबू नको. तोंड पुसा, एक-दोन घोट साधं पाणी द्या, आडवं करू नका, आणि बाटली बरोबर आणा. वन्सं म्हणाल्या, "तिला काय कळतं, ती राजधानीतली, बिश्केकची असेल." पेरिझातने बाटली उचलली आणि झाकण दाबून हलवली. आत फेसच फेस. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, गालिच्याचं ना?" तेव्हा कुठे माझी मान हलली. फेस येणारं ते गालिच्याचं, दुसरं येत नाही. फोनवरची विचारत होती काय आहे, कोणी ओतलं, कशातून. पेरिझात म्हणाली, "गालिचे धुवायचा साबण आहे. मी ओतला." अंगणातल्या तीस माणसांनी ते ऐकलं. मीही ऐकलं, आणि गप्प राहिले.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. छाती ऐकली, तोंडात दिवा टाकून पाहिलं. थोडी लाली होती, बाकी काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "प्यायच्या बाटलीत साबण भरण्याची अक्कल कोणाची?" मी पिशवीची चेन उघडत-मिटत बसले. पेरिझात म्हणाली, "माझी." डॉक्टर तिला अर्धा तास बोलले. मधे बायेलने त्यांच्या गळ्यातली नळी ओढून तिला तोंड लावलं, आणि सवयीने मी टाळी वाजवणार होते, हात अर्ध्यावर थांबवले.

त्यानंतर वन्संनी तुम्हाला फोन केला, तुम्ही पेरिझातला केलात. ती गोठ्यामागे उभी राहून ऐकत होती. "हो आई," "हो आई," एवढंच. मी खिडकीतून बघत होते. बाहेर जावं, फोन हिसकावून घ्यावा, असं वाटलं. मग मी कणीक मळली. तीन आठवडे मी फार कणीक मळली आहे, विहीणबाई, आमच्याकडे शेजारीसुद्धा नान खाऊन कंटाळलेत.

मला अपराधी वाटतं, पण त्याहून जास्त मला आभार मानायचे आहेत, आणि कुठून सुरू करायचं ते कळत नाही. तुम्ही तिला इथे पाठवलीत तेव्हा मी म्हटलं होतं, मुलगी दिसायला बरी आहे, पण फार गप्प. गप्प! ज्या दिवशी माझी वाचा गेली त्या दिवशी घरात एकटी तीच बोलली, आणि जे बोलली ते मला झाकायला. सासूची अब्रू तीस माणसांसमोर स्वतःच्या पदराखाली घेणारी लेक तुम्ही कशी वाढवलीत? मला मुलगी नाही. असती तर अशी झाली असती असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

बाटली मी भरली. बूच मी सैल ठेवलं. दारामागे मी ठेवली. लिहून टाकलं. आता हात हलका वाटतोय.

व्याह्यांना सलाम. तुमच्या घराचा धूर कधी न थांबो.

तुमची विहीण,
सायरागुल

ता.क. तुम्ही लेकीला फोन करून झाल्या बोलण्याची भरपाई करा, ही विनंती. माझ्याबद्दल तिला जे बोलायचं ते बोला, मी ऐकणार नाही, गोठ्याकडे फिरकणारही नाही. पांढरा रुमाल मी परत पाठवत नाही, तो तिच्या डोक्यावर बांधला आहे. जर्दाळू परत पाठवता येणार नाहीत. कारण उघड आहे.

ता.क. दुसरा. खरं पत्र यासाठी लिहिलं. तिला माहेरी बोलवा. लग्नानंतर एकदाही आलेली नाही. मी पाठवते म्हटलं तर वन्सं म्हणतील सुनेला चुकीबद्दल घालवून दिली. तुमच्याकडून मानाने बोलावणं आलं की कोणाला बोलता येणार नाही. एक महिना ठेवा. बायेललाही. (पंधरा दिवस ठेवलात तरी माझी तक्रार नाही. दहा.) आणि ते यायच्या आधी तुमच्या मोरीपाशी बघून घ्या. लग्नात मी पाणी प्यायला आत गेले होते, तेव्हा तिथे लिंबूपाण्याच्या बाटलीत रॉकेल पाहिलं होतं. तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, तुमची पद्धत असेल.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी हे पेरिझातला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "आई, एक चूक आहे. मी तुम्हाला झाकायला नाही बोलले. फोनवरची बाई तिसऱ्यांदा विचारत होती कोणी ओतलं, आणि तुमची दातखीळ बसलेली. 'मी' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो. मला पुढचा प्रश्न हवा होता." म्हणजे वरचं पदराबिदराचं कौतुक सगळं वाया. मी म्हटलं, "ते त्या दिवशीचं. पण नंतर? दवाखान्यात? हे तीन आठवडे? तुझी आई एवढं बोलली, तरी तू का नाही सांगितलंस?" ती बायेलच्या पायांत मोजे चढवत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

टपाल पाचला बंद होतं. मी निघते.